मत्स्यपिले : समूहवर्तन व विखुरण

अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंतच्या काळात बहुतेक माशांची पिले केव्हातरी एकत्र राहतात आणि केव्हातरी एकमेकांपासून दूर जातात. एकत्र राहण्याच्या प्रवृत्तीस समूहवर्तन आणि जन्मस्थानापासून दूर जाऊन नव्या जागी स्थिर होण्याच्या क्रियेस विखुरण असे म्हणतात. या दोन क्रियांचा क्रम सर्व माशांत सारखा नसतो. प्रवाळभित्तींवरील बहुसंख्य माशांची पिले प्रथम समुद्रात विखुरतात व नंतर भित्तीवर येऊन घोळके करतात. गोड्या पाण्यातील मरळीची पिले याच्या उलट प्रथम आईबापांच्या पहाऱ्यात एकत्र वाढतात व नंतर विखुरतात. हा दुसरा प्रकार महाराष्ट्रात पाहावयाचा असेल, तर गोंदिया जिल्ह्यातील तलाव, बोड्या व धानाच्या बांध्या यांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत नोंदीत मरळीचे उदाहरण मुख्य धरले असून इतर माशांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

घोळका व थवा : सर्वसाधारण बोलण्यात माशांच्या कोणत्याही जमावास थवा म्हणतात. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात मात्र दोन अवस्था वेगळ्या मानणे सोयीचे ठरते. परस्परांच्या ओढीने जवळ राहणाऱ्या, पण वाटेल त्या दिशेस तोंडे असलेल्या माशांचा तो घोळका. सर्वांची तोंडे एकाच दिशेस, मधली अंतरे जवळजवळ सारखी आणि वळणे एकाच वेळी घेतली जाणारी, असा समूह म्हणजे थवा. चरताना घोळक्यात असलेले मासे घाबरले की क्षणात थवा करतात आणि भीती ओसरली की पुन्हा सैल होतात. अन्नामुळे किंवा प्रवाहामुळे एका जागी आलेले मासे यांपैकी कशातच मोडत नाहीत, कारण त्यांस एकमेकांची ओढ नसते. विहिरीवर माणसे पाण्यासाठी जमली म्हणून त्यांची दिंडी होत नाही, तसेच हे आहे.

ही ओढ पिलांत पहिल्या दिवसापासून पूर्णपणे असते असे नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एव्हलिन शॉ यांनी १९६० च्या सुमारास मेनिडिया या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या माशाच्या पिलांची निरीक्षणे केली. अगदी लहान पिले एकमेकांजवळ येतात व लगेच दूर पळतात, लांबी सु. १० ते १२ मिमी. झाल्यावर ती एकमेकांस समांतर राहून बरोबर पोहू लागतात, असे त्यांस आढळले. भारतीय उपखंडातील ओढे व भातशेते यांत राहणारा आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा डॅनिओ रेरिओ हा चिमुकला पट्टेरी मासा सु. तीन आठवड्यांचा झाला म्हणजे त्यात सोबत्याकडे जाण्याची स्पष्ट प्रवृत्ती दिसते. म्हणजे डोळे, स्नायू व मज्जासंस्था यांची काही एक वाढ झाल्याखेरीज खरे समूहवर्तन सुरू होत नाही.

समूहात जागा राखण्यासाठी मासा मुख्यतः दोन इंद्रियांचा उपयोग करतो : डोळे आणि अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेली पार्श्वरेखा. पार्श्वरेखेतील संवेदी पेशींना शेजाऱ्याच्या शेपटीने हललेल्या पाण्याचा दाब जाणवतो. टी. जे. पिचर, बी. एल. पार्ट्रिज व सी. एस. वॉर्डल यांनी १९७६ मध्ये डोळे तात्पुरते झाकलेला मासाही थव्यात आपली जागा सांभाळून पोहू शकतो, हे प्रयोगाने दाखविले. पावसाळ्यात तांबूस गढूळ होणाऱ्या तलावांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तेथे वीतभर अंतरावरचेही नीट दिसत नाही.

समूहाचा पहिला फायदा साध्या हिशेबाचा आहे. दोन हजार पिले तलावभर पसरली, तर हिंडणाऱ्या परभक्षी माशाची कोणत्या ना कोणत्या पिलाशी वारंवार गाठ पडेल. तीच एका गोळ्यात असली, तर गाठ क्वचित पडेल. पडली तरी एका झडपेत एखादेच पिलू जाईल व त्या झडपेपुरता प्रत्येकाचा धोका दोन हजारांत एक एवढाच राहील. दुसरा फायदा असा की, एकसारख्या दिसणाऱ्या अनेक हलत्या पिलांतून एकावर नजर स्थिर ठेवणे शिकाऱ्यास कठीण जाते. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या ब्रिटिश जीववैज्ञानिकाने १९७१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार समूहातील प्रत्येक प्राणी आपल्या व शत्रूच्या मध्ये दुसरा कोणीतरी असावा यासाठी आत शिरू पाहतो आणि सर्वांनी तसे केल्यामुळे समूह घट्ट होतो. यात परोपकार गृहीत धरावा लागत नाही. मरळीच्या पिलांचा गोळा ज्याने पाहिला असेल, त्यास कडेची पिले सतत आत घुसत असल्याचे आठवेल. समूहाचे तोटेही आहेत : अन्न वाटून घ्यावे लागते, रोग लवकर पसरतो आणि मोठा घोळका वरून नजरेत भरतो. फायदे व तोटे यांचे पारडे पिलांच्या वयाबरोबर फिरते व त्यातच विखुरणाचे कारण आहे.

गोंदिया जिल्ह्यातील पाणी : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशात वर्षास सु. १,२०० ते १,४०० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. धानाच्या शेतीसाठी हे पाणी अडवून ठेवण्याची विद्या येथील कोहळी समाजाने फार पूर्वी हस्तगत केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे तलाव, तसेच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण हे पुढील काळातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धत नष्ट झाली व गावोगावचे तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकले आहे.

माशांच्या दृष्टीने या तलावांचे वैशिष्ट्य त्यांच्या रचनेत आहे. पाळीकडील बाजू खोल असते, तर वरची बाजू हळूहळू उथळ होत जाऊन गवत, देवधान व कमळे यांत आणि पुढे शेतांत मिसळते. अनेक ठिकाणी वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी बांध्यांतून, पाटांतून व ओढ्यांतून खालच्या तलावात जाते. त्यामुळे उन्हाळ्यात एकेकटे पडलेले तलाव व बोड्या पावसाळ्यातील काही आठवडे एकमेकांशी जोडल्या जातात. पाण्याची ही तात्पुरती वाट हीच माशांची वाट होय.

मरळीचे घरटे व पिलांचा गोळा : मरळ हा चॅनिडी कुलातील मासा असून त्याच्या चॅना वंशातील अनेक जाती महाराष्ट्रात आढळतात. त्यांपैकी मोठ्या तलावांतील, मीटरपर्यंत व त्याहूनही वाढणारी चॅना मरुलियस, सर्वत्र आढळणारी चॅना स्ट्रायेटा आणि लहान, ठिपकेदार चॅना पंक्टेटा या विशेष परिचित आहेत. डोके सापासारखे चपटे व मोठ्या खवल्यांनी झाकलेले असते. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस असलेल्या पोकळीत हवा घेऊन हा मासा श्वसन करतो. प्रौढ मरळीस पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर ती पाण्यातच गुदमरून मरते. पुढे वर्णिलेले वर्तन प्रामुख्याने चॅना स्ट्रायेटाचे आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीस मरळीची जोडी तलावाच्या उथळ कडेस किंवा पाणी साचलेल्या बांधीत पाणवनस्पती तोंडाने तोडून ताटाएवढी किंवा त्याहून मोठी मोकळी जागा तयार करते. अंडी पिवळसर, सु. १.५ मिमी. व्यासाची असतात व आतील तेलबिंदूमुळे पृष्ठभागावर पातळ सायीसारखी तरंगतात. त्यांची संख्या मादीच्या आकारमानाप्रमाणे काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. उबदार पाण्यात ती साधारणतः एक-दीड दिवसात फुटतात. नवजात डिंभ सु. ३ मिमी. लांबीचा असून तेलबिंदूमुळे पोट वर करून तरंगतो. तीन-चार दिवसांत पीतक संपते, पिले सरळ होतात, पोहू लागतात व सूक्ष्म प्लवक खाऊ लागतात. या सर्व काळात नर व मादी खाली दबा धरून असतात. विशेषतः नर जागा सोडत नाही. जवळ आलेला मासा, बेडूक, कधी माणसाचा पायसुद्धा, यांवर तो धावून जातो.

पोहू लागलेली पिले एकत्र येऊन दाट गोळा करतात. त्यांचा रंग तांबूस-नारिंगी असतो आणि वरून पाहणाऱ्यास पाण्यात कुंकू कालवल्यासारखा एक हलता डाग दिसतो. असहाय पिलांचा रंग असा भडक का असावा, हा प्रश्न साहजिक आहे. गढूळ पाण्यात भावंडांस एकमेकांच्या व पालकांस पिलांच्या खुणा राहाव्यात, असा तर्क त्याबाबत करता येतो. पहारा असेपर्यंत उठून दिसण्याचा तोटा सोसण्याजोगा ठरतो, एवढे तरी निश्चित म्हणता येईल. पुढे पहारा सुटण्याच्या सुमारास हा रंग जाऊन पिले हिरवट-तपकिरी होतात, ही गोष्ट या तर्कास पोषक आहे.

दोन-तीन आठवड्यांत हवेने श्वसन करणारे इंद्रिय कार्य करू लागते. मग पिलांना थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावे लागते. हा क्षण सर्वांत धोक्याचा असतो, कारण वर खंड्या व बगळा टपलेले असतात. पिले हा धोका एकत्र पत्करतात. एक गट वर येतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा, आणि पाऊस नसताना तेवढ्याच जागी पावसाचे थेंब पडत असल्यासारखे पाणी फुटते. डी. एल. क्रेमर व जे. बी. ग्रॅहॅम यांनी १९७६ मध्ये हवा घेणाऱ्या अनेक माशांतील अशा एककालिक श्वसनाचे वर्णन करून ते शत्रूपासून बचावाचे साधन असावे, असे प्रतिपादन केले. एकट्याने वर येणाऱ्याकडे शिकाऱ्याचे सगळे लक्ष जाते. शंभर एकदम आले की ते विभागले जाते.

बालसंगोपनाचे इतर प्रकार याच कुलात आढळतात. ओढ्यांत राहणाऱ्या चॅना गॅचुआ या लहान जातीत नर अंडी व पिले स्वतःच्या तोंडात सांभाळतो. तेथे पिलांची संख्या अर्थातच फार कमी असते.

गोळा फुटणे : सु. एक ते दीड महिन्याने, पिले ४ ते ६ सेंमी. झाली म्हणजे, गोळा सैल होऊ लागतो. प्रथम तो लांबट होतो, मग त्याचे दोन-तीन गट पडतात व अखेर पिले एकेकटी गवतात शिरतात. याचे मुख्य कारण अन्नातील बदल हे होय. जलपिसवा व इतर प्लवक पाण्यात ढगासारखे पसरलेले असतात. ते हजार तोंडांनी एकत्र खाल्ले, तरी चालते. किडे, बेडूकमासे, झिंगे व लहान मासे यांची शिकार दबा धरून करावी लागते आणि दबा एकट्यानेच धरता येतो. शेजारी दुसरा शिकारी असला की भक्ष्य सावध होते. ज्या शरीरास प्लवकाच्या काळात सोबत उपकारक होती, त्यासच शिकारीच्या काळात ती अडचणीची होते.

दुसरे कारण अधिक कठोर आहे. एकाच घरट्यातील पिले सारख्या वेगाने वाढत नाहीत आणि मोठे पिलू लहान भावंडास गिळू शकेल एवढा फरक पडला की, ते खरोखरच गिळते. मरळीचे बीज टाक्यांत वाढविणाऱ्यांना पिलांची आकारमानानुसार वारंवार निवड करावी लागते ती याचमुळे. निसर्गात लहान पिलास पळून जाण्यास जागा असते, टाकीत नसते. तेव्हा विखुरण म्हणजे केवळ नव्या जागेचा शोध नव्हे. लहान पिलाच्या बाबतीत ते भावंडांपासून केलेले पलायनही असते. पालकांचा पहाराही याच सुमारास ढिला होतो.

पाण्याच्या वाटा : गोळा फुटण्याचा हा काळ गोंदिया भागात साधारणतः जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत येतो. रोवणी झालेली असते, बांध्यांत पाणी उभे असते, तलाव भरून सांडवे वाहू लागलेले असतात. विखुरणाऱ्या पिलांस वर शेतांकडे व खाली पुढील तलावाकडे अशा दोन्ही वाटा मोकळ्या असतात. वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने चढणाऱ्या माशांस महाराष्ट्रात चढणीचे मासे म्हणतात. मरळ तर ओल्या गवतातून अंग वळवीत थोडे अंतर जमिनीवरूनही जाऊ शकते. हवेवर श्वसन करण्याच्या शक्तीचा तिला येथे दुहेरी उपयोग होतो. धानाच्या बांधीत किडे व बेडूकमासे विपुल असतात, मोठे मासे नसतात. तेथे पोहोचलेले पिलू काही आठवड्यांत चांगले वाढते, मात्र पाणी आटण्यापूर्वी त्यास परतावे लागते. परतलेच नाही, तर सारस, बगळे वा कापणीपूर्वी बांधी उपसणारी मुले यांपैकी कोणाच्या तरी हाती ते लागते. महाराष्ट्रात सारस पक्ष्यांचा वावर मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे व त्यांचा चारा या बांध्यांतच असतो, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

लहान बोड्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. प्रौढ मरळ ओल्या चिखलात गाडून घेऊन काही काळ तग धरते; परंतु चिखलही तडकला, तर त्या बोडीतील वंश संपतो. पुढील पावसात शेजारच्या तलावातून भटकत आलेली पिले ती जागा पुन्हा भरून काढतात. प्रत्येक तलावातील मरळ निराळी समजणे म्हणूनच चुकीचे होईल. सांडव्यांनी जोडलेल्या पाच-दहा पाण्यांची मिळून एक वस्ती असते आणि पिलांच्या येण्याजाण्यावर ती टिकून असते. ही ये-जा थांबली, तर सुटा पडलेला तलाव एखाद्या वाईट वर्षी रिकामा होतो व रिकामाच राहतो. शिवाय थोड्या जोड्यांतच प्रजनन होत राहिल्याने वंशाचे वैविध्य घटते.

प्रवाळभित्तीवरील माशांशी तुलना : प्रवाळभित्तीवर राहणाऱ्या बहुतेक माशांचे डिंभ काही दिवस ते काही आठवडे खुल्या समुद्रात काढतात. ते प्रवाहाबरोबर कोठेही वाहून जातात, अशी पूर्वी समजूत होती. पापुआ न्यू गिनीतील किंबे बेटाजवळ ग्लेन ॲल्मनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांना बेरियमाचा एक निरुपद्रवी स्थिर समस्थानिक टोचून त्यांच्या संततीच्या कानातील खड्यांवर खूण उमटविली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तेथे स्थिरावलेल्या विदूषक मासा व फुलपाखरू मासा यांच्या पिलांपैकी सु. ६०% पिले त्याच लहानशा भित्तीवर जन्मलेली होती. पहिल्याचे डिंभ सु. ११ दिवस, तर दुसऱ्याचे सु. ३८ दिवस समुद्रात असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हे प्रमाण विस्मयकारक वाटते. भित्तीचा वास व तेथील प्राण्यांचा आवाज यांचा माग काढीत डिंभ परततात, असे इतर प्रयोगांवरून दिसते. परतल्यावर अनेक जातींची पिले घोळके करून राहतात.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर आढळणाऱ्या अकँथोक्रोमिस पॉलिअकँथस या माशात समुद्रात वाहणारी डिंभावस्थाच नाही. पिले कित्येक आठवडे आईबापांभोवती घोळका करून राहतात व जवळच्याच खडकात स्थिरावतात. परिणामी शेजारशेजारच्या भित्तींवरील त्यांच्या वस्त्या आनुवंशिक दृष्ट्या एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या झाल्या आहेत आणि एखाद्या भित्तीवरून हा मासा गेला, तर तेथे तो सहजी परत येत नाही. मरळीची अवस्था या माशासारखीच आहे. फरक एवढाच की, तिला दर पावसाळ्यात सांडव्याची वाट मिळते.

कटला, रोहू व मृगळ या भारतीय कार्प माशांचे चक्र मात्र प्रवाळभित्तीवरील सामान्य माशांच्या अधिक जवळचे आहे. त्यांची अंडी नदीच्या पुरात पडतात, त्यांस पहारा नसतो व जिरे प्रवाहाबरोबर दूर जाते. तलावाच्या स्थिर पाण्यात हे मासे वाढतात, पण सामान्यतः अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून या माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळविले व तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांचा प्रसार झाला. गोंदियाच्या तलावांत कार्प पिलांचे विखुरण आता प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, माणसाच्या हाताने होते. मरळीला अशी पिशवी क्वचितच लाभते.

मासेमारी व पिलांचे रक्षण : मरळीचे मांस रुचकर व कमी काट्यांचे असते आणि ओल्या फडक्यात ती तासन्‌तास जिवंत राहत असल्याने बाजारात जिवंत विकता येते. तिला भावही चांगला मिळतो. तेलंगण राज्याने २०१६ मध्ये चॅना स्ट्रायेटास राज्यमासा म्हणून मान्यता दिली. परंतु पिलांचे समूहवर्तन हेच तिच्या नाशाचेही साधन ठरते. तांबूस गोळा दिसला की खाली जोडी आहे हे जाणकारास कळते. गळास बेडूक लावून तो गोळ्याजवळ सोडला की, रागाने धावून येणारा पालक हमखास सापडतो. एका माशाबरोबर येथे काही शेकडो पिलांचा पहारा उठतो व राखण नसलेला गोळा शिवडा, इतर मरळी व पक्षी यांच्या तोंडी पडतो. याच दिवसांत पाट व सांडवे यांत लावलेले कामट्यांचे सापळे विखुरणाऱ्या पिलांस अडवितात. बोटभर मरळीस बाजारात किंमत नसते. तीच वर्षभराने जाळ्यात आली, तर एका घराच्या दिवसाच्या कमाईत तिने मोलाची भर घातली असती.

तलावांच्या व्यवस्थेतही अडचण आहे. मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठरावीक मुदतीसाठी दिले जातात आणि उत्पन्नासाठी तलावात कार्पचे बीज सोडले जाते. सोडलेले बीज वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर जाळी बसविली की, मरळीची वाट बंद होते. बीज खाणारा मासा म्हणून मरळीस संवर्धन तळ्यांतून काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्यासाठी मोहाच्या पेंडीतील सॅपोनीन या विषारी द्रव्याचा उपयोग करतात. लहान संवर्धन तळ्यापुरता हा सल्ला रास्त आहे. तोच नियम शेकडो वर्षांच्या, शेतांशी व इतर तलावांशी जोडलेल्या जलाशयास लावणे मात्र प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. तेथे कार्प व मरळ दोहोंसही जागा असते व बोटुकली पुरेशी मोठी करून सोडली, तर तिचे नुकसानही मर्यादित राहते. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास बंदी घातली. पिलांच्या गोळ्यास मात्र खरे संरक्षण स्थानिक शिस्तीतूनच मिळू शकते.

उथळ कडांचा प्रश्न याहून बिकट आहे. तलाव गाळाने भरत आहेत आणि कडांवर बेशरम या विदेशी झुडपाने ठाण मांडले आहे. त्याच्या दाट खोडांत देशी पाणवनस्पती टिकत नाहीत व मरळीस घरटे करण्यास हवी तशी गवताळ उथळ जागा उरत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम गेल्या काही वर्षांत हाती घेतले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशास अंड्यांसाठी, कोणती आसऱ्यासाठी व कोणती चाऱ्यासाठी लागते, याची जाण या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिचा उपयोग येथे होत आहे.

मरळीपुरता विचार केल्यास उपाय थोडे व नेमके आहेत. गोळा दिसणाऱ्या जागी पिले तपकिरी होईपर्यंत गळ टाकू नये. पहिल्या जोरदार पावसापासून सांडवा वाहणे थांबेपर्यंत पाटाच्या निम्म्या रुंदीत तरी सापळा लावू नये. सांडव्यावरील जाळीत एका कडेस चढता येईल अशी उताराची वाट ठेवावी. रस्त्याखालील नळ पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवू नयेत, कारण वीत-दीड वीत उंचीचा धबधबाही बोटभर पिलास अडवितो. धानावर कीटकनाशक फवारल्यावर बांधीचे पाणी काही दिवस पाटात सोडू नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च येत नाही. अडचण असते ती एकाच वेळी शेतकरी, मच्छीमार संस्था व पाटबंधारे खाते या तिघांचे एकमत होण्याची, कारण सांडव्याची एक बाजू एकाच्या, तर दुसरी दुसऱ्याच्या ताब्यात असते.

ऑक्टोबरमध्ये सांडवे थांबतात व बांध्या आटू लागतात. तोपर्यंत तलावात परतलेली पिले १० ते १५ सेंमी. लांबीची झालेली असतात. हिवाळाभर ती कडेच्या गवतात, प्रत्येकी आपल्या जागी, एकेकटी राहतात. साधारणतः एक ते दोन वर्षांत त्यांस प्रजननक्षमता येते.